जुनी, संथ, कडक कॉन्ट्रास्टची कृष्णधवल फिल्म : डेव्हलपर कोणता घ्यावा?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी.

चुलत्यांचा उदगीरला फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता जागा रिकामी करताना लोखंडी कपाटातून फिल्मचा साठा निघाला. चुलते म्हणाले, "तुला कामाला येत असंल तर ने, नाहीतर भंगारवाला बसलाच आहे." मी सगळं उचलून आणलं.

पत्र्याच्या गोल डब्यात, काळ्या कागदात गुंडाळलेली ३५ मिमीची पॉझिटिव्ह फिल्म आहे. टॉकीजमध्ये मध्यंतराला जाहिरातीच्या स्लाइड दाखवायचे, त्या बनवायला चुलते ही फिल्म वापरत. लेबल अर्धं फाटलंय. त्यासोबत हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं लिथ शीटांचं (छपाईसाठीच्या, फक्त काळं-पांढरं देणाऱ्या फिल्मचं) एक खोकं आहे, ते कुठल्याशा ऑफसेट प्रेसवाल्याकडून आलेलं. आणि कोडक टेक्निकल पॅन या कडक फिल्मचे सीलबंद रोल आहेत, ३५ मिमीचेच.

मला यावर रेषा आणि अक्षरं काढायची नाहीत, फोटो काढायचेत. औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, घरची म्हातारी माणसं. पॉझिटिव्हचा एक तुकडा कॅमेऱ्यात घालून घरी असलेल्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) नेहमीच्या वेळेला धुतला. आजोबांचं धोतर पांढरं फटक आलं, अंगरखाही पांढरा फटक, चेहरा आणि मागची भिंत सगळी काळी. मधली करडी छटाच नाही. तिन्हींना चालेल असा एखादा डेव्हलपर आहे का? का प्रत्येकाला वेगळा लागेल?

रीळवाला (नांदेड)

साठा टाकू नकोस ही पहिली गोष्ट. संथ फिल्म म्हातारपणी चांगली टिकते. वेगवान फिल्मवर उन्हाळ्याचा आणि नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम लवकर होतो, ती आपोआप काळवंडते. ४०० चा रोल इतकी वर्षं आपल्याकडच्या पत्र्याच्या छपराखाली राहिला असता तर आशा नव्हती. पॉझिटिव्ह आणि लिथचं तसं नाही.

डेव्हलपरचं नंतर बघू. आधी या दोन गोष्टी तपास.

डब्याचा वास घे. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर फिल्मचा बेस (खालची प्लास्टिकची पट्टी) कुजायला लागलाय. अशी फिल्म लवकर वापरून संपव आणि बाकीच्यांपासून लांब ठेव. त्याच फिल्मचा धुतलेला एखादा तुकडा किंवा जुनी स्लाइड सापडली तर कडेला 'सेफ्टी' छापलंय का बघ. १९५० च्या आसपासपर्यंत ३५ मिमी सिनेफिल्म नायट्रेट बेसवर बनायची आणि ती भयंकर पेट घेते. तुझी तेवढी जुनी नसणार, पण खात्री केलेली बरी.

मग फिल्मला कोणता रंग दिसतो ते बघ. ठार अंधारात बोटभर तुकडा काप, त्यावर रुपयाचं नाणं ठेव, वर लाल दिवा पाच मिनिटं लाव. नाणं उचलून तुकडा डेव्हलप कर. नाण्याची गोल खूण उमटली तर फिल्मला लाल दिसतं. काहीच उमटलं नाही तर लाल दिव्यात बिनधास्त काम कर. हल्लीचे काही लाल एलईडी लाल दिसले तरी त्यातून दुसरा उजेड निसटतो, म्हणून दिवाही याच चाचणीत तपासला जातो.

टेक्निकल पॅनला ही चाचणी नको. ती पँक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणारी आहे, वर तिला लाल जास्तच दिसतं. तिला ठार अंधारच लागतो.

सल्फाइट (अंबाजोगाई)

रीळवाले काकांशी सहमत. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून हे असं का होतं ते थोडं सविस्तर लिहिते. कारण कळलं की डेव्हलपर निवडणं सोपं जातं.

नेहमीच्या फोटोच्या फिल्ममध्ये सिल्व्हर हॅलाइडचे लहानमोठे, कमीजास्त संवेदनशील कण मिसळलेले असतात. मोठे कण थोड्या उजेडाला जागे होतात, बारीक कणांना जास्त उजेड लागतो. त्यातून छटांची उतरंड मिळते. पॉझिटिव्ह, लिथ, मायक्रोफिल्म यांच्यात कण बारीक आणि जवळपास एकसारखे असतात. उजेड एका मर्यादेच्या खाली असला तर कुणीच जागं होत नाही, मर्यादा ओलांडली की सगळेच होतात. म्हणून काळं नाहीतर पांढरं.

आकड्यात सांगायचं तर फोटोच्या निगेटिव्हचा गॅमा, म्हणजे कॉन्ट्रास्टचं माप, साधारण ०.५५ ते ०.६५ ठेवतात. सिनेमाची पॉझिटिव्ह नेहमीच्या प्रक्रियेत २.५ च्या आसपास जाते. लिथ फिल्म तिच्या खास डेव्हलपरमध्ये त्याच्याही कितीतरी पुढे जाते, कारण त्या डेव्हलपरमध्ये एक कण काळा झाला की शेजारच्या कणांचं डेव्हलपिंगही भडकतं. ऑफसेटवाल्यांना नेमकं तेच हवं असायचं, अक्षराची कड कापल्यासारखी यावी म्हणून.

आता डी-७६. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. यातलं हायड्रोक्विनोन थकलेल्या मेटॉलला पुन्हा ताजं करत राहतं, त्यामुळे उजळ भाग काळे होण्याचं थांबतच नाहीत. साध्या फिल्मला हे चालतं. तुमच्या फिल्मला असा डेव्हलपर हवा जो दाट जागी पटकन थकेल आणि सावलीच्या जागी काम करत राहील. हायड्रोक्विनोन नको, जोरदार अल्कलीही नको.

यासाठीचं सगळ्यात नावाजलेलं सूत्र म्हणजे पोटा. अमेरिकी लष्कराच्या फोटो-ऑप्टिकल विभागात मॅरिलिन लेव्ही यांनी ते १९६० च्या दशकात तयार केलं, प्रचंड प्रकाशफरक असलेली दृश्यं एका फिल्मवर यावीत म्हणून. त्यात दोनच वस्तू आहेत:

फेनिडोन १.५ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ३० ग्रॅम, पाणी १ लिटरपर्यंत.

फेनिडोन गार पाण्यात विरघळत नाही, तरंगत बसतं. सल्फाइट गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला, किंवा आधी थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून घ्या. वजनाला सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा लागेल, स्वयंपाकघरातला चालणार नाही. बनवल्यावर लगेच वापरा. काही तासांत त्याचा जीव जातो, बाटलीत भरून ठेवायची वस्तू नाही.

टेक्निकल पॅनला हेच. कोडक तिच्यासाठी टेक्निडॉल नावाचा वेगळा डेव्हलपर विकायची, तो आता मिळत नाही. त्याची जागा पोटा घेतं.

पाटीपेन्सिल

वाचतोय. वाचनखूण साठवली.

तेरणा (धाराशिव)

मी कॅफेनॉलमध्ये रोल धुते: कॉफी, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सी. सगळं किराणा आणि मेडिकलमध्ये मिळतं. फेनिडोनसाठी पुण्या-मुंबईकडे डोळे लावण्यापेक्षा दादांना हे का सुचवत नाही कुणी?

सल्फाइट (अंबाजोगाई)

तेरणाताई, कॅफेनॉल मलाही आवडतं, वर्गात मुलांसमोर करून दाखवते. पण या फिल्मला ते कडक पडेल. प्रचलित सी-एम सूत्रात लिटरला निर्जल सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम असतं. एवढ्या सोड्याची अल्कली चांगलीच जोरदार होते. शिवाय कॉफीचा पिवळट डाग बेसवर बसतो. साध्या फिल्मवर तो खपून जातो, पण जुन्या फिल्मचा फॉग (उजेड न लागताच आलेला करडेपणा) आणि हा डाग एकात एक मिसळले की कुठला किती ते कळत नाही.

फेनिडोन मिळेपर्यंत डी-२३ करा. मेटॉल ७.५ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी १ लिटरपर्यंत. दोन्ही वस्तू शाळा-कॉलेजांना माल देणाऱ्या लॅब केमिकलवाल्याकडे मिळतात किंवा तो मागवून देतो. क्रम महत्त्वाचा: चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. आधीच सगळं सल्फाइट घातलंत तर मेटॉल विरघळायला फार त्रास देतं. हातमोजे घाला. मेटॉलने काहींच्या हाताला खाज आणि चट्टे येतात, आणि एकदा सुरू झालं की दरवेळी होतं.

हे एकास तीन पाण्यात पातळ करून वापरायचं आणि वापरलेलं टाकून द्यायचं. पोटाइतकं मऊ नाही, पण पॉझिटिव्हसाठी पुरेल असं मला वाटतं.

दौलताबादी (छत्रपती संभाजीनगर)

डेव्हलपरवर चांगली चर्चा चाललीये, माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मांजराकाठ, डेव्हलपर निवडण्याआधी ऊन निवडा.

मी वेरूळला वर्षभर जात असतो. कैलास लेणं वरून खाली कोरलेलं, त्यामुळे दुपारी बारा-एकला शिखरावर ऊन आणि अंगणाच्या ओवऱ्यांत गडद सावली. दोन्ही ठिकाणी मीटर लावा, सात-आठ स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) फरक सहज निघतो. तो फरक कडक फिल्मवर मावतच नाही, कितीही मऊ डेव्हलपर असला तरी. तेच लेणं श्रावणात, आभाळ भरून आलेलं असताना बघा. दगडावर सगळीकडून सारखा उजेड पडतो, फरक निम्म्यावर येतो आणि बसाल्टचा पोत पोटभर मिळतो. अशा दिवशी कडक फिल्म उलट उपकार करते. साध्या फिल्मवर जे मळकट, सपाट आलं असतं ते तिच्यावर उठून दिसतं. खरोशाला पावसाळ्यात जा, मे महिन्यात नको.

दुसरं, तुमच्या पॉझिटिव्हला बहुतेक फक्त निळं दिसतं. त्यामुळे आकाश कोरं पांढरं येणार. गेरू, शेंदूर, कुंकू, लाल फेटा हे सगळं काळं पडणार. आपली उन्हात रापलेली कातडी आहे त्याहून गडद आणि सुरकुत्या जास्त खोल दिसणार. आजोबांचा चेहरा काळा आला त्यात डी-७६ इतकाच फिल्मच्या नजरेचाही हात आहे. म्हाताऱ्या माणसांना हे फार देखणं दिसतं असं माझं मत, पण घरच्यांना आधी सांगून ठेवा.

एकोणिसाव्या शतकातली आपल्या भागातली चित्रं बघा. राजा दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्या काळातल्या साध्या काचांना मुख्यतः निळंच दिसायचं, म्हणून किल्ल्या-लेण्यांच्या मागचं आभाळ कोरं. त्यावरही त्यांनी दगड कसा उभा केलाय ते बघण्यासारखं आहे.

मीटरवरही पूर्ण विश्वास नको. सकाळ-संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात निळा अंश कमी असतो. मीटर सांगतं उजेड भरपूर आहे, फिल्मला तो दिसतच नाही. पॉझिटिव्हला आयएसओ ६ धरून सुरुवात करा. लख्ख उन्हात एफ ५.६ ला १/५० सेकंद येतं. एक स्टॉप जास्त आणि एक कमी असे दोन फोटो आणखी काढा. ढगाळ दिवशी तिकाटणं न्या.

रीळवाला (नांदेड)

दौलताबादींचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात भर घालतो. पॉझिटिव्हच्या बेसवर फोटोच्या फिल्मसारखा प्रकाश अडवणारा थर बहुधा नसतो. खिडकी, दिवा, पाण्यावरची चमक असं काही फ्रेममध्ये आलं तर त्याभोवती प्रभावळ पसरते. आणि बेस पारदर्शक असल्यामुळे डबीच्या तोंडातून उजेड आत झिरपतो. रोल अंधारातच भर आणि अंधारातच काढ. भोकांची काळजी नको, पॉझिटिव्हची भोकं आपल्या कॅमेऱ्याला बरोबर बसतात.

आता डेव्हलपरबद्दल माझं वेगळं मत. मॅडम, पोटा उत्तम आहे यात वाद नाही. पण गावाकडच्या पोराला पहिल्याच दिवशी ते सांगणं मला जड वाटतं. मी रॉडिनल हा डेव्हलपर १+१०० (एका भागाला शंभर भाग पाणी) करून त्यात फिल्म तासभर न हलवता ठेवतो. डेव्हलपर दाट जागी थकतो, सावलीत काम करत राहतो, जे तुम्हाला पाहिजे तेच.

सल्फाइट (अंबाजोगाई)

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण इथे मी अडून बसणार. न हलवता ठेवलेल्या डेव्हलपिंगमध्ये दाट भागातून सुटलेलं ब्रोमाइड खाली ओघळतं आणि त्याच्या वाटेवर डेव्हलपिंग मंदावतं. ३५ मिमीला भोकांपाशी त्याचे पट्टे उठतात. साध्या फिल्मवर ते पुसट असतात. कडक फिल्म तोच फरक अनेक पटींनी मोठा करून दाखवते, कोऱ्या आभाळात तर हमखास. शिवाय रॉडिनल पातळ केलं तरी त्यात कॉस्टिक असतंच. लिथ आणि टेक्निकल पॅनवर त्याने गॅमा हवा तेवढा खाली येत नाही.

रीळवाला (नांदेड)

पट्ट्यांचं खरं आहे. मी १०० च्या साध्या फिल्मसाठीच ते जास्त वापरलंय. पॉझिटिव्हला दर तीन-चार मिनिटांनी एकदा हलकं उलटवलं तर पट्टे बरेच कमी होतात, एवढं मी खात्रीने सांगतो. टेक्निकल पॅनसाठी तुमचं पोटाच ठीक.

तेरणा (धाराशिव)

रॉडिनल आमच्याकडे मिळत नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांपासून घरी करतात असं ऐकलंय. खरं का?

सल्फाइट (अंबाजोगाई)

खरं आहे, पण काळजीने करायचं काम आहे. ५०० मिलिग्रॅमच्या ३० साध्या गोळ्या (कॅफिन किंवा सर्दीचं औषध मिसळलेल्या नकोत), सल्फाइट ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम, पाणी पाव लिटर. तीन दिवस बंद बाटलीत ठेवायचं. पॅरासिटामॉलचं विघटन होऊन पॅरा-अमिनोफिनॉल तयार होतं. रॉडिनलचा जीव तेच, १८९१ पासून.

कॉस्टिक थोडं थोडं करून गार पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, खिडक्या उघड्या, ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, घरात लहान मूल असेल तर हा बेत दुसरीकडे करा. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत जे केलं ते सांगतो.

डब्याला आंबट वास नाही. त्यातच चुलत्यांनी बनवलेली एका साडीच्या दुकानाची स्लाइड मिळाली, कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' आहे. नाण्याची चाचणी केली. पॉझिटिव्हवर नाण्याची खूण आली नाही, लिथवरही नाही. मग निळसर मोबाइल स्क्रीनसमोर क्षणभर धरून बघितलं, दोन्ही काळ्या ठिक्कर. म्हणजे लाल दिवा दोन्हींना चालतोय.

फॉगसाठी दोन कोरे तुकडे घेतले. एक नुसता फिक्सरमध्ये (काळे न झालेले कण विरघळवून काढणाऱ्या द्रावणात), दुसरा आधी डी-२३ मध्ये आणि मग फिक्सरमध्ये. पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले. पॉझिटिव्हमध्ये फरक कळतच नाही. लिथमध्ये कडेने बोटभर पट्टा करडा झालाय, मध्ये स्वच्छ. शीटांच्या कडा कापून टाकीन.

मेटॉल लातुरातच मिळालं. डी-२३ एकास तीन, २४ अंशाला, पॉझिटिव्हचे तुकडे ट्रेमध्ये लाल दिव्याखाली धुतले. आणि हे मला सांगायचंच आहे: चित्र येताना दिसतं हो! आधी धोतराची कड, मग हात, काठीची मूठ, सगळ्यात शेवटी चेहऱ्यावरचं कपाळ. सात मिनिटांच्या आसपास कपाळ आणि धोतर यांच्यात स्पष्ट फरक होता तेव्हा उचललं. वाळल्यावर निगेटिव्हमधून वर्तमानपत्राचा मथळा धोतराच्या जागीसुद्धा वाचता येतोय. आयएसओ ६ ला सावल्या रिकाम्या आल्या, ३ ला भिंतीच्या विटा दिसायलेत. सावलीत, अंगणातल्या लिंबाखाली काढलेला फोटो उन्हातल्यापेक्षा कितीतरी बरा आलाय.

फेनिडोन मागवलंय. दोन अडचणी आहेत. नळाला येणारं पाणी आत्ताच ३२ अंश आहे. आणि पाणी आमच्याकडे जपूनच वापरावं लागतं, तासभर नळाखाली फिल्म धुणं शक्य नाही. बोअरचं पाणी आहे पण इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो.

दौलताबादी (छत्रपती संभाजीनगर)

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे तुमचं म्हणणं समजतं. इलफर्ड या फिल्म कंपनीची धुण्याची पद्धत वापरा. टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. संपलं. ३५ मिमीच्या टाकीला एक-दीड लिटरात काम होतं. अट एकच, फिक्सर रॅपिड आणि हार्डनर (इमल्शन कडक करणारं रसायन) नसलेला हवा.

डेव्हलपर आणि शेवटच्या धुण्याला आरओच्या जारचं पाणी घ्या. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम फिल्मवर ठिपके सोडतो, ते नंतर पुसायला जाल तर इमल्शनवर, म्हणजे चित्राच्या थरावर, ओरखडे पडतील.

सल्फाइट (अंबाजोगाई)

तापमानाबद्दल. २० अंशाचा हट्ट सोडा, आपल्याकडे तो हिवाळ्यातच जमतो. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला ठेवणं जास्त महत्त्वाचं. डेव्हलपर २४ ला आणि धुण्याचं पाणी ३४ ला असं झालं की जुनं, मऊ इमल्शन ताणून आक्रसतं आणि त्यावर जाळी उमटते. ती परत जात नाही.

माठ वापरा. जारचं पाणी रात्रभर माठात ठेवलं की उन्हाळ्यातही २५-२६ पर्यंत उतरतं, हवा कोरडी असल्यामुळे आपल्याकडे माठ छान काम करतो. बाटल्या त्याच पाण्याच्या घमेल्यात उभ्या करायच्या, वर ओलं पोतं. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून घमेल्यात ठेवा. तापमान एक अंशाने वाढलं की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करायची, पण पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, डेव्हलपिंग सगळीकडे सारखं होत नाही. वेळ तितकी खाली येत असेल तर डेव्हलपर आणखी पातळ करा.

३० च्या वर काम करावंच लागलं तर जुन्या उष्ण कटिबंधाच्या सूत्रांप्रमाणे डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालतात. सल्फाइट नव्हे, सल्फेट. त्याने जिलेटिन फुगत नाही. फिक्सरमध्ये तुरटी घालूनही इमल्शन कडक करता येतं, पण मग दौलताबादींची कमी पाण्याची पद्धत चालणार नाही, धुणं लांबतं. तुम्हाला माठच सोयीचा.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा झाडांना ओतू नका, कॅनमध्ये साठवा.

तेरणा (धाराशिव)

मांजराकाठ दादा, लिथ शीटांचं काय ठरवलं? मला वाटतं त्या फोटोसाठी झिजवूच नयेत. मी सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारे निळे प्रिंट, करते. त्याला उन्हात छापायला दाट, कडक निगेटिव्हच लागते, मऊ निगेटिव्हवर निळा रंग फिका आणि सपाट येतो. लिथ शीट थोड्या पातळ पेपर-डेव्हलपरमध्ये धुऊन तिची संपर्क-निगेटिव्ह (कागदावर थेट ठेवून छापायची) करा. आपल्याकडे उन्हाला तर तोटाच नाही.

रीळवाला (नांदेड)

+१. प्रत्येक फिल्मला ओढून ताणून मऊ करायलाच पाहिजे असं कुठे आहे? पॉझिटिव्ह डी-२३ मध्ये, टेक्निकल पॅन पोटात, आणि लिथला तिच्या स्वभावासारखं काम दे. खोक्यावरचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कागद मात्र फेकू नकोस. उटीचा तो सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, 'इंदू' नावाने आपली फिल्म विकायचा, आता बंद आहे. आमच्या पिढीतले कितीतरी जण त्याच मालावर शिकले. ती शीटं परत बनणार नाहीत.

मांजराकाठ (लातूर)

तेरणाताई, पटलं. लिथ बाजूला ठेवतो, आईच्या जुन्या पदराची नक्षी त्यावर घेऊन सायनोटाइप करून बघीन. खोकं जपून ठेवलंय काका.

फेनिडोन आलं. टेक्निकल पॅनला वेळ किती आणि आयएसओ किती धरू? आणि पोटामध्ये फॉगसाठी पोटॅशियम ब्रोमाइड घालू का?

सल्फाइट (अंबाजोगाई)

ब्रोमाइड नको. फेनिडोनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. फॉग खरंच आढळला तर बेन्झोट्रायझोल अगदी थोडं, पण त्याने आधीच संथ असलेली फिल्म आणखी संथ होते. आधी कोरा तुकडा धुऊन बघा, मगच ठरवा.

आयएसओ १२ आणि २५ दोन्ही काढा. २४ अंशाला दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पूर्ण रोल टाकू नका. एकाच दृश्याचे फोटो ओळीने काढून अंधारात रोल तीन भागांत कापा आणि आठ, दहा, बारा मिनिटं असे वेगवेगळे धुवा. उजळ भाग फार दाट वाटला तर वेळ कमी, सावली रिकामी आली तर एक्स्पोजर जास्त. वेळ वाढवून सावली भरत नाही, कडक फिल्ममध्ये तर मुळीच नाही.

टाकीत डेव्हलपर आधी भरून ठेवा आणि अंधारात रीळ एका दमात आत बुडवा. वरून ओतलंत तर पातळ इमल्शन पहिल्या काही सेकंदांतच डेव्हलपर शोषून घेतं आणि ओघळाच्या खुणा राहतात. बुडवल्याबरोबर टाकी जोरात हलवा, मग दर अर्ध्या मिनिटाला. इथे काकांचा तासभर शांत ठेवण्याचा उपाय नको. :)

रीळवाला (नांदेड)

मान्य! डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉप बाथ मात्र साध्या पाण्याचाच ठेव रे, त्याच माठातल्या. जुन्या इमल्शनला आम्लाचा धक्का कशाला. आणि उरलेले रोल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह फ्रिजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नकोस, दोन-तीन तास तसाच राहू दे, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

मांजराकाठ (लातूर)

चालतंय काका. रविवारी औशाला जातोय, आभाळ असलं तर. तिन्ही तुकड्यांचे स्कॅन इथंच टाकतो, वेळ आणि आयएसओ लिहून.